एका नावावर दोन कंबरा

निशिगंधावहिनी एमआरआयच्या मशीनमधून दुसऱ्यांदा पळून आल्या आणि घरी येऊन गवार निवडत बसल्या. पहिल्या खेपेला त्या दारातूनच परत फिरल्या होत्या. या खेपेला प्रगती म्हणायची, टेबलावर आडव्या झाल्या, छातीपर्यंत आत गेल्या, आणि घाबरलं तर दाबायला म्हणून हातात दिलेला रबरी फुगा असा दाबला की काचेपलीकडे मशीन चालवणारा उन्मेष चहासकट उभा राहिला. "बाहेर काढा, न्हायतर मशीन घेऊन बाहेर येते!" असं वहिनी ओरडल्या म्हणे. वहिनींना त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

आता भिण्याची कुणाला हौस असते का हो? कंबर दुखत होती तोवर वहिनींनी शेक घेतला, तेल लावलं, चार जणींनी सांगितलेले चार पट्टे बांधले. पण मग डावा पाय ओढायला लागला. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. राजारामपुरीतले डॉक्टर गुरुप्रसाद म्हणजे शांत माणूस, पण या वेळी त्यांनीही चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "वहिनी, शीर किती दबलीय ते बघितल्याशिवाय मला काही करता येणार नाही. आणि उशीर केलात, तर पाय परत पहिल्यासारखा होईल याची हमी मी देणार नाही." म्हणजे मशीनमध्ये जावं तर जीव जातोय असं वाटायचं आणि न जावं तर पाय. वहिनी गवार निवडता निवडता शेंगा टाकत होत्या आणि देठ ठेवत होत्या.

"त्यात काय हाय?" विजयसिंहराव म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहिनींचे यजमान विजयसिंहराव यांचं शिरोली एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं. चार मशीनं चालू असताना पाचव्या माणसाशी बोलायची सवय असल्यामुळे घरातही ते त्याच पट्टीत बोलायचे. भीती ही वस्तू आपल्या घराण्यात तयारच होत नाही, असा त्यांचा दावा होता. आता ते थंडीच्या कडाक्यातही झोपायच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवायचे, पण ते हवेसाठी. लिफ्ट असली तरी जिना चढायचे, पण तो व्यायाम. आणि रात्रीतनं तीन-चारदा उठून बाहेर जायचे, ते दारातला टेंपो जागेवर आहे का बघायला. टेंपोला कुलूप होतं, पण मालकाची नजर ती मालकाची नजर.

"त्यात काय हाय म्हणजे?" वहिनी उसळल्या. "नाकासमोर छप्पर येतंय ओ. श्वास घ्यायला जागा न्हाय."

"सवय न्हाय तुला. सराव पाहिजे. उद्या सकाळी सराव."

गल्लीच्या तोंडाला गटाराच्या कामासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंहरावांनी त्यातला एक झाडून घेतला, आत सतरंजी अंथरली, उशी ठेवली आणि बायकोला आत झोपवलं. त्यांची थोरली बहीण आक्का, जी याच घरात राहायची आणि कुठल्याही प्रसंगात मागं राहायची नाही, ती तुळशीला घालायचा तांब्या हातात घेऊन तशीच आली.

"ह्यात काय करालीस गं?" आक्कानं पाइपात डोकावून विचारलं.

"सराव," पाइपातून आवाज आला.

"मशीनचा आवाज पण पाहिजे की!" असं म्हणून विजयसिंहरावांनी वर्कशॉपचा हातोडा काढला आणि पाइपावर घण घालायला सुरुवात केली. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला एक कुत्री गेले काही दिवस मुक्कामाला होती. तिला या सरावाची कल्पना कुणी दिलेली नव्हती. ती जी सुटली, ती वहिनींच्या अंगावरून, उशीवरून आणि आक्काच्या पायांमधून निघून गेली. आक्काचा तांब्या पाइपात रिकामा झाला. वहिनी बाहेर आल्या त्या रांगत आल्या आणि भिजून आल्या. तोवर निम्मी गल्ली गोळा झाली होती.

"हे बघा," वहिनी पदर पिळत म्हणाल्या, "एकदा तुम्ही झोपून दाखवा त्यात. मग मला शिकवा."

"मी? मी झोपलो असतो की. माझा गुडघा जरा..." असं म्हणत विजयसिंहराव उशी झटकायला लागले. सतरंजी गोळा करून तेच सगळ्यांच्या आधी घरात गेले.

तिसऱ्या खेपेला तिघंही स्कॅन सेंटरला गेले. सेंटर दुसऱ्या मजल्यावर. आक्का लिफ्टनं वर गेली आणि खुर्ची धरून बसली. वहिनी भीतीमुळं जिन्यानं आणि विजयसिंहराव व्यायामामुळं जिन्यानं, असे दोघं थांबत थांबत वर आले.

आत जाण्याआधी अंगावरचा धातू काढायचा होता. हुपरीची चांदीची जोडवी साबण लावून निघाली, पण मंगळसूत्राला हात लागताच आक्का उठली. मोकळा गळा तिला चालणार नव्हता. तिनं पिशवीतून पिवळा दोरा आणि हळकुंड काढलं आणि वहिनींच्या गळ्यात बांधलं.

"आक्का, हे नाही चालणार," उन्मेष म्हणाला. हा तरुण पुण्याच्या सदाशिव पेठेतून नोकरीसाठी आलेला, आणि अजून कोल्हापूरला थोडा दबून असायचा.

"का? हळकुंडात लोखंड असतंय काय?"

उन्मेषनं विचार केला. शिकताना हा प्रश्न कुणी काढलेला नव्हता. "नसतं," तो म्हणाला.

"मग झालं तर."

नातेवाइकाला आत सोबत बसता येत होतं, पण त्याच्या अंगावरही धातू नको. विजयसिंहरावांच्या पट्ट्याला बक्कल, पँटीला चेन आणि खिशात दोन नट, एक वॉशर आणि एक ड्रिलचं टोक निघालं. शेवटी त्यांनाही वहिनींसारखाच निळा गाऊन दिला, मागं नाड्या असलेला. उघड्या पाठीला वारा लागत होता, म्हणून विजयसिंहराव भिंतीला पाठ लावूनच आत गेले.

मशीन बघताच वहिनींचे पाय दारात थांबले. "नगं," त्या म्हणाल्या. "मला न्हाय जमायचं. पाय गेला तर जाऊ दे."

हे म्हणताना त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. उन्मेषला ते बघवेना. "मी डॉक्टरांना फोन करून विचारतो, झोपेचं काही औषध देता येतंय का," असं म्हणून तो गेला. जाताना दुपारच्या पाळीला नुकत्याच आलेल्या तेजस्वीला सांगून गेला, "पेशंट फार घाबरतो. आडवा झालाच, तर वेळ घालवू नकोस. लगेच सुरू कर."

आत आता नवरा-बायको दोघंच. आणि विजयसिंहरावांना बायकोचं रडणं सोसत नसे. सोसलं नाही की ते काहीतरी करून बसायचे.

"हे बघ," ते म्हणाले, "मी झोपून दाखवतो. त्यात काय हाय?" ते टेबलावर चढले, आडवे झाले आणि वर बघू नये म्हणून खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडावर ओढून घेतला. "बघ. कसं गार वाटतंय. असं पडायचं आन् झोपायचं."

एवढ्यात तेजस्वीनं दाराशी बसलेल्या आक्काला विचारलं, "पेशंट आडवे झाले का हो?"

आक्कानं दार किलकिलं करून बघितलं. टेबलावर निळा गाऊन, तोंडावर टॉवेल. "झोपली की एकदाची!" आक्का हरखली. "आता सोडू नगा बाई. लगेच चालू करा. आन् काय बोललं-ओरडलं तर ऐकू नगा, आमचं माणूस लई भित्रं हाय."

तेजस्वी आत आली. टेबलावर एक जण आडवा, भिंतीशी एक बाई उभी. तिनं विचारलं, "तुम्ही नातेवाईक ना?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मग इथं खुर्चीत बसा, पायाशी. कंबरेचंच आहे ना?"

"व्हय, व्हय, कंबरच," टॉवेलाखालून घुसमटलेला आवाज आला. विजयसिंहरावांना वाटलं, बाई चांगली आहे, दाखवायला मदत करतेय. "जरा आत सरकवून दाखवा ह्यांना."

'ह्यांना' म्हणजे कुणाला, हे तेजस्वीला कळलं नाही, पण घाबरलेले लोक काहीही बोलतात. तिनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात रबरी फुगा द्यायला गेली. "मला न्हाय लागत," असं म्हणून त्यांनी तो ढकलून दिला. मग पट्टा आवळला, बटण दाबलं, आणि विजयसिंहराव सरकत सरकत आत गेले. तेजस्वी दार लावून बाहेर गेली.

वहिनींनी तोंड उघडलं होतं. अगदी खरं सांगायचं तर दोनदा उघडलं होतं. पण एकदा वाटलं, हे आत्ता सरकवून बाहेर काढतीलच. आणि दुसऱ्यांदा, देव क्षमा करो, वाटलं, एकाच माणसाचं करायचं असेल आणि ते ह्यांचंच झालं तर आपण सुटलो की!

तेवढ्यात मशीन सुरू झालं. ठक-ठक-ठक-ठक. जणू कुणी भिंत फोडतंय. मग घर्रर्र. मग पुन्हा ठक-ठक. मशीनच्या तोंडातून विजयसिंहरावांची दोन पावलं तेवढी बाहेर होती. सुरुवातीला ती ऐटीत ताल धरत होती. थोड्या वेळानं ताल थांबला. मग बोटं आत वळली. मग ती पावलं सायकल मारायला लागली, आणि आवाज मधेच थांबला तेव्हा आतून ऐकू आलं, "निशा! ए निशा! अगं दार कुठाय ह्याचं? आई गं... आक्का!"

वहिनी बघतच राहिल्या. हा आवाज त्यांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता. हे ओरडायचे, रागवायचे, हाका मारायचे, पण असे कधी केविलवाणे झाले नव्हते. आणि मग त्यांच्या डोक्यात सगळं धडाधड जागेवर पडायला लागलं. थंडीत उघडं दार. जिना. पाइपाजवळचा गुडघा. अरे देवा, म्हणजे घरात भिणारी मी एकटी नव्हतेच!

आपल्याला मशीन दिसत होतं तेव्हा पाय हलत नव्हते, हे वहिनी विसरूनच गेल्या. त्या उठल्या, ओढत्या पायानं टेबलाशी गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचं पाऊल घट्ट धरलं. ठोके परत सुरू झाले. हेडफोन लावलेल्या माणसाशी त्या घणघणाटात बोलणार तरी काय? त्यांनी नुसतं पावलावर दोनदा थोपटलं.

लग्न झाल्यापासून त्या विजयसिंहरावांच्या मागं गाडीवर बसत आल्या होत्या. आधी सेकंडहँड स्कूटर, मग मोटरसायकल. गाडीचा आवाज मोठा, त्यामुळं मागून बोललेलं ऐकू जायचं नाही. मग ठरलं होतं. खांद्यावर एकदा थोपटलं की हळू. दोनदा थोपटलं की मी नीट बसले, चला. कधी पदर अडकायचा, कधी कडेवर पोर, कधी हातात पिठाचा डबा. पण दोनदा थोपटल्याशिवाय विजयसिंहरावांनी कधी गाडी हलवली नाही, आणि थोपटल्यावर मागं वळून बघितलं नाही.

पावलं हळूहळू थांबली. ताठलेली बोटं सैल झाली. वहिनींनी वाकून बोगद्यात बघितलं. आत उजेड होता. पंखा होता. आणि पलीकडचं टोक उघडं होतं, तिकडची भिंत दिसत होती. 'अगंबाई, हे तर दोन्हीकडनं मोकळं हाय!' त्यांना वाटलं. पहिल्या खेपेला दारातूनच फिरल्यामुळं आणि दुसऱ्या खेपेला डोळे मिटून आत गेल्यामुळं हे त्यांनी बघितलंच नव्हतं. ठोके चालू होते आणि त्या उभ्या होत्या, एका हातानं नवऱ्याचा पाय आणि दुसऱ्या हातानं गळ्यातलं हळकुंड धरून.

काचेपलीकडे उन्मेष परत आला. "डॉक्टर म्हणतात, अर्धी गोळी..." तो म्हणाला आणि थांबला. "अगं, आत कोण आहे?"

"पेशंट," तेजस्वी म्हणाली.

"पेशंट तर ती मशीनबाहेर उभी आहे."

"त्या नातेवाईक आहेत. त्यांनीच सांगितलं."

"मग आत कोण आहे?"

"नातेवाइकांचे... नातेवाईक?" तेजस्वी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं मशीन थांबवलं आणि माइकचं बटण दाबून विचारलं, "आपलं नाव काय?"

"विजयसिंह!" आतून गर्जना झाली. "काढा मला भाईर! आत्ताच्या आत्ता!... थांबा, थांबा. बायको हाय काय तिथं?"

"आहेत."

"मग हळू काढा."

विजयसिंहराव बाहेर आले तेव्हा गाऊन घामानं अंगाला चिकटला होता. तेजस्वीनं शंभरदा माफी मागितली. उन्मेषनं पाणी दिलं. "कसं वाटतंय, काका?"

"त्यात काय..." एवढंच सवयीनं बोलून ते जमिनीवर बसले.

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना हसायला येत होतं आणि माया पण येत होती, आणि कुठलं आधी येतंय ते कळत नव्हतं. त्यांनी टॉवेल उचलला, त्यांचं तोंड पुसलं आणि उन्मेषला म्हणाल्या, "पुसून घ्या टेबल. माझा नंबर हाय नव्हं?"

"गोळी हवीय का?"

"गोळी ह्यांना द्या. ओ, उठा. पायाशी बसा. पाय सोडायचा न्हाय."

वहिनी आत गेल्या. छप्पर नाकासमोर आलंच. काळीज तोंडाशी आलंच. भीती कुठं गेली नव्हती, ती आपली जागा धरून होती. पण डावं पाऊल एका राकट, ओल्या हातात होतं. आजारी पायाला एरवी स्पर्श कळत नव्हता, पण हा हात इतका थरथरत होता की तो कळला. मग त्यानं दोनदा थोपटलं. वहिनींनी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच, शेवटपर्यंत, गप्प पडून राहिल्या. बाहेर आक्का बाकीच्या पेशंटना सांगत होती की आमचं माणूस सकाळपासून आतच हाय, लई मोठं मशीन हाय.

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टर गुरुप्रसादांच्या समोर बसले. डॉक्टरांनी सीडी संगणकात घातली. बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वहिनी, वेळेत आलात," ते म्हणाले. "चकती सरकलीय, शीर दबलीय, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. औषधं आणि व्यायाम. पाय सुधारेल."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. विजयसिंहराव जोरात खाकरले. आक्कानं हळकुंडाला नमस्कार केला.

"पण माझा एक गोंधळ होतोय," डॉक्टर म्हणाले. "एका नावावर दोन कंबरा आहेत. एकाच दिवशी. एका कंबरेत चकती सरकलीय. दुसरीत चकत्या ठणठणीत. पण..." ते पडद्याजवळ वाकले. "वहिनी, ही तुमची प्रोस्टेट आहे. आणि ती वाढलीय."

"म्हंजे काय ओ?" आक्कानं विचारलं.

"पुरुषांना असते ती ग्रंथी. उतारवयात वाढते. मग रात्री सारखं उठावं लागतं."

आक्कानं भावजयीकडं भीतीनं बघितलं. "मग हिला कशी आली? मशीनमधनं लागली काय?"

वहिनी मात्र सावकाश नवऱ्याकडं वळल्या. विजयसिंहराव भिंतीवरचा पाठीच्या कण्याचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तो टेंपो."

"टेंपो पण हाय की," विजयसिंहराव हळू म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. डॉक्टर आधी हसले आणि मग गंभीर झाले. "बरं झालं सापडलं. घाबरायचं कारण नाही, पण रक्त तपासायचं आणि सोनोग्राफी करायची. समोरच्याच खोलीत आहे. आत्ताच करून घ्या."

"आत्ता?" विजयसिंहराव उठून उभे राहिले. "आत्ता कसं? वर्कशॉपला माल जायचाय. पुढच्या आठवड्यात बघू." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ते मशीन... माणसाला आत घालत्यात, का भाईरनंच?"

"बाहेरनंच. पोटावरनं फिरवतात."

"आन् खोली केवढी हाय?"

"लहान आहे. अंधारी असते जरा."

विजयसिंहराव दाराशी जाऊन उभे राहिले आणि पुढं हलेनात. समोरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत खरंच अंधार होता. मागून वहिनी पाय ओढत आल्या. त्यांनी विजयसिंहरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

तीस वर्षांची सवय. विजयसिंहराव मागं वळून न बघता निघाले.

ते आत जाऊन आडवे झाले. नर्स दार लावायला आली, तेव्हा वहिनींनी ते हातानं अडवलं.

"राहू दे बाई उघडं," त्या म्हणाल्या. "मला बंद खोलीत भीती वाटते."